मधी बस

आमच्या घरातल्या बायकांना एक सवय आहे. लग्नाचा मांडव असो, शाळेची सभा असो की कुणाच्या मयताची प्रार्थना, त्या दाराशी टेकत नाहीत आणि भिंतीला पाठ लावत नाहीत. सरळ आत जातात आणि मध्ये बसतात. आई तशीच, मावशा तशाच, मीही तशीच. ही सवय सोलापुरातल्या एका चर्चच्या फरशीवर लागली, आणि ती कशी लागली हे मला आजीनं सांगितलं.

आजीची आई, म्हणजे माझी पणजी, १८९९-१९०० च्या दुष्काळात सोलापुरात आली. गाव अक्कलकोटच्या बाजूचं, घर महारवाड्यातलं. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि पटकीनं तिथंच गेला. आई त्याच्या मागोमाग गेली. पोर उरली. तिला कुणी तरी सोलापूरला अमेरिकन मिशनच्या आवारात आणून सोडलं. कुणी आणलं, चालत आणलं की गाडीतून, हे पणजीलाही आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती पहिल्या रविवारची गोष्ट.

त्या दिवशी मुलींना ओळीनं चर्चमध्ये नेलं. बाकीच्या आत गेल्या. पणजी दाराबाहेर, जिथं चपला काढून ठेवल्या होत्या तिथं, अंग चोरून बसली. तिला कुणी तसं बसायला सांगितलं नव्हतं. गावात देऊळ होतं, चावडी होती, विहीर होती, आणि कशापासून किती हात लांब राहायचं हे तिच्या पायांना ठाऊक होतं. उपासना सुरू व्हायच्या आधी एक बायबलबाई उठून बाहेर आली. घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या, अक्षरं शिकवणाऱ्या मिशनच्या बायकांना तेव्हा बायबलबाई म्हणत. तिनं पणजीचा दंड धरून तिला उभं केलं, बसलेल्या माणसांमधून चालवत दालनाच्या पार मध्यावर नेलं आणि म्हणाली, "हितं. मधी बस."

आजी सांगायची, "माझ्या आईला त्या दिवशी वाचलेला एक शब्द कळला नाही, गायलेलं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणायची, खालची फरशी गार होती आणि वर छप्पर लई उंच. तोवर मोठ्या इमारतीचं छप्पर तिनं आतून बघितलंच नव्हतं की."

चर्चच्या ह्या मधल्या लांब दालनाला स्थापत्यात नेव्ह म्हणतात. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये पश्चिमेला मुख्य दार असतं आणि पूर्वेला वेदी. ह्या दोहोंच्या मधली सगळी लांबी म्हणजे नेव्ह. मोठं चर्च असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, आणि रांगांपलीकडे कमी उंचीची बगलदालनं. मधलं दालन बगलदालनांहून उंच चढवतात आणि त्या वरच्या भिंतीत खिडक्या ठेवतात, म्हणजे उजेड वरून, मधोमध पडतो. वेदीचा भाग याजकांचा आणि गाणाऱ्यांचा. नेव्ह मात्र लोकांचा. चर्च पाहायला गेलेली माणसं मनोरे बघतात, रंगीत काचा बघतात. मी आधी हे मधलं दालन बघते आणि इथं कोण बसत होतं, कोण बसू शकत नव्हतं, हे विचारते. इमारतीची खरी ओळख मला तिथंच पटते.

हे दालन लांबट का, ह्यामागं साधं सुतारकाम आहे. लाकडाची तुळई किती लांब मिळते, त्यावर खोलीची रुंदी ठरते. माणसं वाढली तर इमारत रुंद करता येत नाही, लांब करावी लागते. नाही तर आत खांब उभे करून बाजूला आणखी छप्पर जोडावं लागतं. रोमन लोकांच्या न्यायदानाच्या आणि व्यापाराच्या मोठ्या दिवाणखान्यांना, बॅसिलिकांना, हाच घाट होता. ३१३ साली कॉन्स्टंटाइननं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. तोवर घराघरांतून जमणाऱ्या मंडळ्यांना मोठी जागा हवी होती, आणि त्यांनी देवळाचा घाट न घेता ह्या दिवाणखान्याचा घेतला. रोमन देऊळ हे मूर्तीचं घर होतं, यज्ञ बाहेर अंगणात होत आणि लोकही बाहेरच उभे राहत. ख्रिस्ती मंडळीला सगळ्यांना आत घ्यायचं होतं. रोममधलं सेंट पीटरचं पहिलं मोठं चर्च चौथ्या शतकात उभं राहिलं, त्यात मधलं दालन आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बगलदालनं होती.

पुढे युरोपात टोकदार कमानी आल्या, भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या दगडी कमानी आल्या, आणि नेव्ह उंच उंच जाऊ लागली. पॅरिसच्या नोत्र दामचं काम ११६३ साली सुरू झालं. आमियांच्या नेव्हचं छत ४२ मीटरवर गेलं. बोव्हेच्या लोकांनी ह्या सगळ्यांवर मात करायचं ठरवलं. त्यांनी आधी वेदीचा भाग बांधला, ४८ मीटर उंच. १२८४ साली त्याचं छत कोसळलं. ते पुन्हा उभं केलं, पुढे मनोरा चढवला, तोही १५७३ मध्ये पडला. ह्या सगळ्यात पैसा आणि शतकं संपली आणि नेव्ह बांधायची राहूनच गेली. आजही तिथं वेदीचा प्रचंड उंच भाग आहे, आणि जिथं लोकांची जागा व्हायची होती तिथं आधीच्या काळातलं एक लहानसं चर्च उभं आहे. मला बोव्हेचं कौतुक वाटत नाही. लोकांसाठी जागा करायच्या आधी उंचीचा ध्यास धरला, हे मला त्या इमारतीतलं मोठं वैगुण्य वाटतं.

मध्ययुगात इंग्लंडमध्ये एक चांगली रीत होती. वेदीच्या भागाची डागडुजी धर्मगुरूनं करायची आणि नेव्हची गावानं. गळती लागली तर गावानं वर्गणी काढायची. ज्याची दुरुस्ती त्याची मालकी. म्हणून गावची बैठक नेव्हमध्ये भरे, मेजवान्या होत, भांडणं मिटवली जात. लंडनच्या जुन्या सेंट पॉलच्या नेव्हमध्ये तर सोळाव्या-सतराव्या शतकात बातम्या आणि व्यापाराच्या गप्पा ऐकायला सारं शहर फेऱ्या मारी. मात्र दालनाच्या पूर्व टोकाला कोरीव पडदी असे आणि तिच्या पलीकडे सामान्य माणसाला जाता येत नसे. धर्मसुधारणेच्या काळात अशा कित्येक पडद्या काढल्या गेल्या, आणि वेदीऐवजी प्रवचनाच्या व्यासपीठाकडे लोकांची तोंडं झाली. प्रवचन सगळ्यांपर्यंत पोचावं ही गरज कॅथलिकांनाही जाणवत होती. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमध्ये खांबांनी वेगळी केलेली दालनं आहेत, आणि समोरच जेझुइटांनी बांधलेल्या, १६०५ साली पवित्र केलेल्या बॉम जेझसमध्ये खांब नसलेलं एकच मोकळं दालन आहे. कुणी कुठंही बसलं तरी प्रवचन करणारा दिसावा, ऐकू यावा, म्हणून.

सोलापुरात आलेले अमेरिकन मिशनरी ह्याच्याही एक पाऊल पुढचे. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये अहमदनगरला गेली. १८६० मध्ये सोलापुरात आगगाडी आली आणि त्या दशकात चार्ल्स हार्डिंग इथं राहायला आले. त्यांच्यानंतर लॉरिन गेट्स ह्यांनी इथं अनेक वर्षं काम केलं. ही मंडळी काँग्रिगेशनल परंपरेतली, न्यू इंग्लंडची. त्यांच्यात बिशप नव्हता. एका ठिकाणी जमणारी मंडळी हीच आपला कारभार करी, आपला पाळक निवडी. त्यांच्या गावातली जुनी उपासनागृहं म्हणजे लाकडी सभागृहंच, आणि गावची सभाही तिथंच भरे. वेगळं गर्भगृह असा प्रकार नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या देशात आणलेलं चर्च म्हणजे एका परीनं नुसतीच नेव्ह. लांब खोली, पुढे जेमतेम हातभर उंच चौथरा, त्यावर व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचं मेज. बाकी सगळी जागा मंडळीची.

आमचं चर्च तसंच आहे. दगडी भिंती, वर कैच्यांवर तोललेलं कौलारू छप्पर, खाली शहाबादी फरशी. सोलापूरच्या माणसाला शहाबादी फरशीचं काय सांगायचं? आमच्या स्वयंपाकघरात ती, अंगणात ती, धुणं धुवायच्या जागी ती. चर्चमधल्या फरश्या मात्र मी लहानपणी तासन् तास निरखल्या आहेत, कारण प्रवचन लांबलं की लहान मुलाला तेवढंच काम उरतं. कडेच्या फरश्या खरबरीत, टाकीचे घाव अजून बोटाला लागतात. मधल्या ओळीतल्या गुळगुळीत, निळसर काळ्या, तेल चोळल्यासारख्या. त्यांचे सांधे माणसांच्या बसण्या-उठण्यानं बोथट झालेले. एका फरशीला कोपऱ्यात लहान खळगा आहे, त्यात झाडूवाली मावशी कितीही झाडो, तांदळाचा एखादा दाणा तरी सापडायचाच. सुगीच्या सणाला लोक धान्य आणतात, त्यातला. आजी म्हणायची, "कुठली फरशी कुणी झिजवली ते मला इचार." आणि खरंच सांगायची. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये चालायची वाट. मिशनच्या शाळेतल्या मुली पुढे. त्यांच्या मागं गिरणीतल्या बायका. पहिल्या पाळीची सुटी ज्या रविवारी नसेल त्या रविवारी त्या ओळी मोकळ्या. कैकाडी, पारधी, मांग, महार अशी सगळी घरं त्या फरशीवर गुडघ्याला गुडघा लावून बसली. सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलेली सेटलमेंट होती, तिचं काम काही काळ अमेरिकन मिशनकडे होतं. आठवडाभर हजेरी द्यावी लागणारी माणसं रविवारी त्या दालनात यायची, हेही आजीनंच सांगितलं. त्या कुंपणाची चीड तिच्या आवाजात असायची. मिशननं ते काम अंगावर घेतलं हे तिला पटलेलं नव्हतं, आणि मलाही पटत नाही. देवाच्या घरात मधी बसवायचं आणि बाहेर गेल्यावर हजेरी घ्यायची, ह्या दोन गोष्टी एकाच हातानं करता येत नाहीत.

कीर्तनाची रात्र असली की दालन बदलून जायचं. ख्रिस्ती कीर्तन ही नगरकडची देणगी. कृष्णराव सांगळ्यांनी ती परंपरा रुजवली, नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं दिली, आणि ती नगर-सोलापूरच्या मंडळ्यांत पोचली. गॅसबत्त्या टांगायच्या. कीर्तनकार चौथऱ्यावर चढायचा नाही. तो उतरून फरशीवर, मधोमध उभा राहायचा, हातात चिपळ्या, मागं पेटी आणि तबला, आणि माणसं त्याच्या चारी बाजूंना. एरवी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. त्या रात्री लोक एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघत बसायचे. लांबट इमारत गोल व्हायची. न्यू इंग्लंडच्या कुठल्या सुताराला हे सुचलं नसतं. आपल्या माणसांनी परक्या घाटाच्या इमारतीला आपल्या बैठकीची सवय लावली, ही मला मराठी ख्रिस्ती मंडळीची फार मोठी कामगिरी वाटते. आणि ते फरशीवर बसत होते म्हणून जमलं.

नंतर बाकं आली. मी बाकांच्या विरुद्ध नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना त्यांचीच गरज असते. पण बाकाला पुढची ओळ असते आणि मागची ओळ असते. फरशीवर उशिरा आलेलं माणूस "सरका जरा" म्हणून कुठंही सामावतं, बाकावर तसं होत नाही. इंग्लंडमध्ये तर एके काळी चर्चची बाकं भाड्यानं जात, पैसेवाल्यांची दारं लावलेली बाकं पुढे आणि गरिबांची फळकुटं मागं. आपल्याकडे भाडं नव्हतं, पण कुठल्या बाकावर कुठलं घर हे चार-दोन वर्षांत ठरून गेलंच. मागच्या बाकावरच्या बाईकडे बोट दाखवून आजी मला म्हणायची, "जा, तिला पुढं बोलव." मी लाजायचे. आजी मग स्वतः उठायची.

चर्चच्या छपराखाली गेलं की जात गळून पडते असं म्हणणं खोटेपणाचं होईल. नगरच्या मंडळीत हरिपंतांसारखे आणि रामकृष्णपंत मोडकांसारखे ब्राह्मण घरातून आलेले आणि महारवाड्यातून आलेले लोक एका पंगतीला बसले, ते सहज झालेलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपलं सोवळं कसं एकेक करून सुटलं ते लपवाछपवी न करता सांगितलं आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे वडक्कनकुलम नावाचं गाव आहे. तिथं १८७२ साली बांधलेल्या चर्चला दोन नेव्ह केल्या. वेदी एक, पण तिच्यापासून दोन दालनं विजारीच्या दोन पायांसारखी फाकत गेलेली, एकात वेल्लाळ आणि दुसऱ्यात नाडार, म्हणजे बसलेल्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये. मधली भिंत १९१० मध्ये पाडली, तर त्यावर कोर्टकचेरी झाली. जातीच्या आग्रहापुढे चर्चचा आकारही टिकत नाही, इतकं ते दगडात लिहिलेलं आहे. म्हणून त्या बायबलबाईनं पणजीचा दंड धरणं मला कुठल्याही प्रवचनाहून मोलाचं वाटतं. इमारत आपोआप कुणाला आत घेत नाही. कुणी तरी उठून दारापर्यंत जावं लागतं.

आमच्या घराण्यातले सगळे ख्रिस्ती झाले नाहीत. आजोबांचे चुलते वारकरी राहिले. त्यांना सगळे तात्या म्हणत. गळ्यात माळ, आषाढीला पंढरपूर. चंद्रभागेत अंघोळ करायची, महाद्वाराशी यायचं आणि संत चोखोबांच्या समाधीजवळ थांबायचं. चोखामेळा मंगळवेढ्याचे, आमच्याच जिल्ह्यातले. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते पडलं, त्याखाली ते गेले. तात्या सांगायचे, की नामदेवरायांनी ढिगाऱ्यातली हाडं उचलून कानाला लावली, ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला आणून महाद्वारापुढे समाधी दिली. नामदेवांची पायरी दारात, चोखोबा तिच्या समोर, दाराच्या बाहेर. तात्या तिथून कळसाला हात जोडायचे आणि परत फिरायचे. दाराच्या आत सभामंडप, सोळखांबी, चौखांबी आणि मग गाभारा, हे त्यांना पाठ होतं, पण ऐकून. सोळखांबी ही देवळातली लोकांची जागा. सोळा दगडी खांब, त्यांतला एक चांदीनं मढवलेला गरुडखांब, त्याला मिठी मारायची आणि पुढे सरकायचं. तात्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी हे फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण धरलं. विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं एवढीच मागणी. त्याआधी ते महाराष्ट्रभर फिरून बोलले होते. १० मे रोजी दार उघडण्याचं आश्वासन मिळालं आणि उपोषण सुटलं. मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. तात्या पुढच्या वारीला आत गेले. परत आल्यावर घरातल्या सगळ्यांनी विचारलं, विठोबा कसा दिसला? तात्या म्हणाले, "विठोबा बघायला मिळाला घडीभर. मी खांबाजवळ जास्त थांबलो. पुढं ढकलत होते, पण मी थांबलो." आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी पणजीच्या गोष्टीच्या पाठोपाठ सांगायची. तिच्या लेखी ती एकच गोष्ट होती. एक बाई चर्चच्या दालनात बसली, एक बाप्या देवळाच्या मंडपात थांबला, एवढाच फरक.

तात्यांचे चिरंजीव, ज्यांना मी काका म्हणते, १९५६ नंतर बौद्ध झाले. आमच्या सणावाराला त्यामुळे एका ओसरीवर तीन धर्म जेवायला बसतात, आणि जेवण मात्र एकच, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. हेच काका मला तेरला घेऊन गेले. धाराशिवच्या पुढे, तेरणेच्या काठावर हे गाव आहे, संत गोरोबाकाकांचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. रोमशी व्यापार करणाऱ्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात तगरहून भडोच बंदराला कापड जात असे हे लिहिलेलं आहे. कापडाच्या गावांची आमची ही ओळख सोलापूरच्या गिरण्यांहून फार जुनी.

तेरमध्ये त्रिविक्रमाचं देऊळ आहे. पुढे मंडप जोडलेला आहे, तो ओलांडून आत गेलं की त्रिविक्रमाची मोठी मूर्ती, पाय उचललेली. लोक नमस्कार करून वळतात. काकांनी मला मूर्तीकडे बघू दिलंच नाही. म्हणाले, "बाहेर ये, मागून बघ." मागून पाहिलं तर देवळाची पाठ सपाट नाही, अर्धवर्तुळाकार आहे. छप्पर शिखराचं नाही, लांबट गोलाईचं आहे, ज्याला जाणकार गजपृष्ठाकार म्हणतात. सगळं बांधकाम विटांचं. हे मुळात बौद्धांचं चैत्यगृह, म्हणजे उपासनेचं दालन. अभ्यासक ते साधारण पाचव्या शतकाच्या आसपासचं मानतात. पुढे कधी तरी त्यात त्रिविक्रम आला. अशी उभी राहिलेली विटांची चैत्यगृहं भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आंध्रातलं चेझर्ल्याचं कपोतेश्वराचं देऊळ हे तेरचं जवळचं भावंड. महाराष्ट्रातल्या आजही उभ्या असलेल्या जुन्यांत जुन्या इमारतींत तेरचा नंबर फार वरचा आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाही.

रोममध्ये बॅसिलिकेपासून चर्च झालं, त्याच्याही आधी आपल्याकडे डोंगर कोरून हाच घाट सिद्ध झाला होता. लांब मधलं दालन, दोन्ही बाजूंना खांब, खांबांपलीकडे चालायची वाट आणि शेवटी अर्धवर्तुळ. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत, त्यांतले १५-१५ दोन्ही बाजूंना. छताला लावलेल्या लाकडी फासळ्या अजून तिथं आहेत. एकोणिसाव्या शतकात स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसननं कार्ल्याचं वर्णन करताना नेव्ह आणि बगलदालनं हेच शब्द वापरले, कारण त्याला दुसरे शब्द लागलेच नाहीत. कुणी कुणाचं उचललं नव्हतं. पुष्कळ माणसांना एका छपराखाली, एका दिशेला तोंड करून आणायचं ठरलं की दगडातून आणि लाकडातून असाच आकार निघतो. मला त्या खांबांवरच्या लेखांचं जास्त वाटतं. कार्ल्याचे खांब कुणा एका राजानं दिलेले नाहीत. व्यापाऱ्यांनी दिले, धेनुकाकट गावच्या यवनांनी दिले, आणि दाराच्या कामासाठी एका अत्तरवाल्याचं नाव कोरलेलं आहे. इंग्लंडात गावकरी नेव्हचं छप्पर शाकारत, तशीच ही वर्गणी. मधलं दालन लोकांचं, तर खर्चही लोकांचाच.

तेरच्या त्या देवळात काका क्षणभर थांबले आणि पुजाऱ्याला म्हणाले, "बसू का जरा?" पुजारी म्हणाला, "बसा की, त्यात काय विचारायचं." काका मंडपाच्या मध्यावर मांडी घालून बसले. मीही बसले. बौद्ध काका, ख्रिस्ती पुतणी, समोर त्रिविक्रम, आणि त्याच्या डोक्यावर बौद्धांनी रचलेल्या विटा. काका म्हणाले, "तात्यांना हे कुणी दाखवलं असतं तर? पंढरपूरच्या दाराशी उभे राहिले जन्मभर, आणि ह्या असल्या दालनात त्यांचेच पूर्वज येऊन बसले असतील." पूर्वज बसले होते की नाही ह्याचा पुरावा काकांपाशी नव्हता, पण तसं म्हणायचा त्यांचा हक्क मला मान्य आहे.

आता पुन्हा चर्चकडे वळते. १९७० साली, २९ नोव्हेंबरला, नागपुरात उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बिशप आले, वेदीचा मान वाढला. आता जुन्या चर्चांवर दुसरीच लाट आहे. कौलं काढून पत्रे, पत्र्याखाली पांढरं खोटं छत, आणि शहाबादी उखडून चकचकीत टाइल. चौथरा तेवढा उंच होत चालला आहे, त्याला ग्रॅनाइट आणि पायऱ्या लागतात. पाऊस गळतो, म्हाताऱ्यांचे पाय घसरतात, दुरुस्ती हवीच, हे मला कळतं. पण चौथऱ्यासाठी जेवढे पैसे उभे राहतात तेवढे मधल्या दालनाच्या छपरासाठी उभे राहत नाहीत, हे बोव्हेच्या वाटेनं जाणं आहे, आणि ते मंडळीनं थांबवलं पाहिजे.

म्हणून सोलापूर, बार्शी, नगर, जिथं जिथं मिशनची जुनी चर्चं आहेत तिथल्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. कंत्राटदार बोलवायच्या आधी एक रविवार ह्यासाठी काढा. दालनाची लांबी-रुंदी टेप लावून मोजा, छपराच्या कैच्यांचे आणि फरशीचे फोटो घ्या, आणि मंडळीतल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना फरशीवर उभं करून विचारा, तुम्ही कुठं बसत होता, तुमची आई कुठं बसत होती, पहिल्यांदा आत आणून तुम्हाला कुणी बसवलं. ते सांगतील ते नकाशावर नावासकट लिहून ठेवा. जन्म-बाप्तिस्म्याच्या वहीत हे मिळत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ती माणसं आता थोडी उरली आहेत.